आप्पांचे तास

आप्पा लेले माणसाला नावाआधी तास विचारत. न्हाव्यानं वस्तरा परजला की, "तुझे तास किती झाले?" पेणच्या यष्टीत चढण्याआधी ड्रायव्हरलाही तेच. तो म्हणाला, "सात वर्षं चालवतोय." आप्पा म्हणाले, "वर्षं नकोत. झोपलेल्या माणसाचीही वर्षं होतात. तास सांगा." त्याला सांगता येईनात. आप्पा पायरीवरून मागे फिरले आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत बसले.

कचेरीतून पेन्शनीत निघालेला कारकून. बायको वारलेली. एकुलता एक मुलगा मुंबईला विमान कंपनीत. विमान चालवताना तो उजव्या खुर्चीवर बसे, डावीवर कप्तान. उजवीकडून डावीकडे सरकायला हजारांनी तास उडावं लागतं, रात्रीचे वेगळे धरतात, मग परीक्षा, मग कंपनीची मर्जी. हे आप्पांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मीच परीक्षेला बसलो असतो. मुलगा दर आठवड्याला पोस्टकार्ड धाडी. त्यावर तासांचा आकडा आणि नमस्कार, एवढंच. आकडा आप्पा वहीत उतरवून घेत.

मी मचव्याचा तांडेल. पनवेल बंदरातून मुंबईला तांदूळ न्यायचा. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, पण खाडीत मला शिकवील असा कोणी जन्मला नाही. आप्पांचा ओटा बंदराच्या वाटेवर. एकदा त्यांनी मलाच गाठलं.

"तांडेल, सुकाण हाती आलं तेव्हा तुमचे तास किती होते?"

"आमच्यात मोजीत नाय. बापानं एक दिस खाडीच्या तोंडाशी सुकाण सोडलं नि पानाची चंची उघडली. मी झालो तांडेल."

"म्हणजे नोंद नाही?"

"नाय."

"मग कागदोपत्री तुमचे तास शून्य."

तीस वर्षं खाडी तुडवली ती शून्य. मी बोलणं टाकलं. नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत त्या ओट्यावरून तोंड फिरवून गेलो.

दिवाळीनंतर कळलं, मुलगा कप्तान झाला. आप्पांनी पेढे वाटले, न्हाव्यालासुद्धा. माझ्या घरी स्वतः आले. पेढा टाकता येत नाही म्हणून खाल्ला. बोललो मात्र नाही.

पुढच्या आठवड्यात बघतो तर आप्पा पुन्हा वही उघडून बसलेले, मांडीवर पोस्टकार्ड. मला राहवलं नाही. "आता कशाला मोजता, आप्पा? पोर झाला ना कप्तान? का आता देव करायचाय त्याला?"

आप्पा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तास उतरल्यावर लिहितात, तांडेल. आकडा आला म्हणजे पोर जमिनीवर आहे. कप्तानकी तुम्हा लोकांना सांगायला होती."

मी पायरीवर टेकलो. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मला अक्षर फारसं लागत नाही, पण स्वतःचं नाव येतं. शेवटच्या पानावर ते होतं. खाली आकड्यांच्या जोड्या: माझं शीड गेलं ती वेळ, परत आलं ती वेळ. नारळी पौर्णिमेपासूनच्या सगळ्या फेऱ्या.

"ओट्यावरून दिसतं," आप्पा म्हणाले. "बसल्या बसल्या लिहिलं."

"तासांनी तांडेल होत नाय."

"नाही होत."

"कालची फेरी लिवली काय?"

"काल धुकं होतं. तुम्ही आलात ते दिसलं नाही. रकाना रिकामाच राहिला."

मी वेळ सांगितली. त्यांनी लिहिली आणि दौतीला झाकण लावलं.

तेव्हापासून मचवा बंदराला लागला की मी आधी ओट्यावर जाई, मग घरी. बायको विचारी, उशीर का? मी सांगे, भरती उशिरा आली.