कंपाउंडरांचा मासा

सान्तान कंपाउंडरांना कुणी हात जोडले की ते सरळ त्याचं मनगट धरत आणि नाडी मोजू लागत. गिरीजच्या शाळेत बदली होऊन मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच ओळखीत त्यांनी माझी नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून आत डोकावले आणि म्हणाले, "मास्तर, लक्षण बरं नाही." त्या धसक्यानं मी दोन दिवस नुसती पेज खाल्ली. मला काहीही झालेलं नव्हतं.

वसईतल्या एका दवाखान्यात तीस वर्षं त्यांनी औषधांच्या बाटल्या भरल्या होत्या. घरी बसल्यावर त्यांना रोगाखेरीज दुसरं काही दिसेना. केळीचं पान पिवळं पडलं की कावीळ. शेजारचा कोंबडा उशिरा आरवला की घसा. रविवारी चर्चमध्ये मिस्साला पाद्री एकदा खोकले, तर हे प्रवचन सोडून पुढचे खोकले मोजत बसले. बाहेर आल्यावर माझ्या कानात म्हणाले, "आठ. कोरडे."

अशा माणसाच्या घरी त्यांच्या भाच्यानं एक मासा आणून ठेवला. भाचा बस्त्याव बोटीवर खलाशी होता. सिंगापूरहून त्यानं तो काचेच्या बरणीतून जिवापाड सांभाळत आणला. बोटाएवढा, जांभळट तांबडा, लुगड्याच्या पदरासारखी शेपटी. "मामा, हा भारी भांडखोर. दुसरा नर दिसला की फाडतो. एकटाच ठेवायचा, डासांच्या अळ्या घालायच्या," एवढं सांगून बस्त्याव पुढच्या बोटीवर गेला. गावात मासा म्हणजे कालवण. लोक बरणी बघायला यायचे आणि हळूच रश्शाची चौकशी करून जायचे.

थंडीत एका सकाळी कंपाउंडर माझ्या दारात उभे राहिले. माझ्या मनगटाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"मास्तर, जरा येऊन बघा. माझ्यानं बघवत नाही."

मासा बरणीच्या तळाशी पडला होता. मिटलेल्या छत्रीसारखे पर अंगाला चिकटलेले. अंगभर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके. मधूनच तो तळाच्या खड्यावर अंग घासायचा. या जातीचा मासा वर येऊन हवा गिळतो. तेवढ्यासाठी तो धडपडत वर निघाला की कंपाउंडर स्वतःचा श्वास रोखून धरायचे, आणि तो परत खाली गेला की सोडायचे.

"काय झालं असेल?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा," सगळ्या गावाला रोग वाटत फिरणारा माणूस मला म्हणाला.

तेवढ्यात पाचूबंदरची कोळीण मोतीबाय टोपली घेऊन दारावर आली. एरवी कंपाउंडर तिच्या प्रत्येक बोंबलात काहीतरी दुखणं काढायचे. आज म्हणाले, "बाय, आत ये. तुला माशातलं कळतं."

मोतीबायनं टोपली उतरवली, बरणीत बोट बुडवलं, मग बोटाचा वास घेतला. "पानी बरफावानी हाय. आनि नासलंय. या थंडीत तुमी असल्या पान्यात बसलात तर काय होईल तुमचं?"

"मरेन," कंपाउंडर घाबरून म्हणाले.

"मंग! त्याच्या अंगावर बारीक कीड बसलीय. पानी बदला, कोमट ठेवा, चिमटीभर मीठ घाला. मिठानं सुटते." जाताना ती थबकली. "जल्म गेला मासं इकन्यात. वाचवायचा कसा, ते आज पयल्यांदा इचारलं कुनी."

कंपाउंडरांनी औषधाचा जुना तराजू काढला. मीठ तोललं, विरघळवलं, मात्रेच्या पेल्यात ओतलं. आणि पेला बरणीवर धरून तसेच उभे राहिले.

"मी घालू का?"

"थांबा." ते खाली बसले. "रोझा तापानं पडली, तेव्हा डॉक्टर मुंबईला गेले होते. औषध माझ्याच कपाटात होतं. बाटली कुठली, मात्रा किती, सगळं ठाऊक होतं. पण चिठ्ठीशिवाय दिलं आणि उलटलं तर? दोन दिवस मी डॉक्टरांची वाट बघितली."

रोझा म्हणजे त्यांची बायको. त्या तापातच ती गेली, हे मी गावात ऐकलं होतं.

मग ते उठले. पेला त्यांनीच तिरका केला. थेंब थेंब करत सगळं मीठपाणी बरणीत गेलं. ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी ठिपके वाढले. कंपाउंडरांचा चेहरा राखेसारखा झाला. "मात्रा चुकली, मास्तर. मी मारला त्याला." भीती सांसर्गिक असते. वर्गात पाढे म्हणून घेताना माझंही चित्त त्या बरणीत होतं, आणि घरी परतताना कोपऱ्यावर माझे पाय आपोआप मंदावायचे. तरी कंपाउंडर डगमगत का होईना करत राहिले. रोज थोडं पाणी काढायचं, उन्हात ठेवलेलं कोमट पाणी कोपर बुडवून पारखायचं आणि अलगद ओतायचं. बरणीला घोंगडी गुंडाळून ती चुलीपासून हातभर अंतरावर. पाचव्या दिवशी ठिपके विरळ झाले. सातव्या दिवशी पर उघडले. नवव्या दिवशी त्यानं अळी गिळली, आणि आनंदाच्या भरात कंपाउंडरांनी माझी नाडी दोनदा मोजली.

पण सुख दोन दिवसही टिकलं नाही.

"मास्तर! फेस! तोंडातून फेस येतोय!"

पाण्यावर एका कडेला बारीक बुडबुड्यांचा पुंजका तरंगत होता. तोंडाला फेस आलेला रोगी सहसा उठत नाही, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलेलं. त्यांनी चमच्यानं फेस काढून टाकला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढाच. पुन्हा चमचा. असं चार दिवस चाललं. मासा मजेत खात होता. कंपाउंडर मात्र जेवेनासे झाले.

पाचव्या दिवशी बस्त्याव बोटीवरून उतरून थेट घरी आला, तेव्हा मामा बरणीवर चमचा घेऊन ओणवे झालेले.

"मामा, काय करता हे?"

"फेस काढतोय. लक्षण बरं नाही."

बस्त्याव हसत सुटला. "अहो, घर बांधतोय तो! नर धडधाकट असला की अंडी ठेवायला बुडबुड्यांचं घर करतो. मादीसाठी."

"पण मादी कुठं आहे?"

"नाहीच. नसली तरी बांधतो."

कंपाउंडरांनी चमचा खाली ठेवला. "चार वेळा मोडलं मी," ते पुटपुटले. "आणि हा रोज सकाळी नव्यानं बांधत होता."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा त्यांच्याकडे गेलो आणि आत शिरून दार लावू लागलो. कंपाउंडर बरणीशेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"हळू लावा, मास्तर. हादऱ्यानं फुटतं ते."