पेन्सिलीतली वर्तणूक

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात 'फार चांगली' असं शाईनं लिहिलेलं आहे. ती शाई माझी आहे. हे आजवर मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण सांगायचं तर आधी आमचे दौलतआप्पा सांगायला हवेत.

आप्पा वडूजला आमच्या शाळेत कारकून होते. सबंध दाखला काळ्या शाईनं, मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे. वर्तणुकीचा रकाना आला की टाक खाली ठेवायचे, कानावरची पेन्सिल काढायचे, टोक जिभेला लावायचे आणि हलक्या हातानं लिहायचे, 'चांगली'. पहिला नंबरवाला असो की बाकं मोडणारा, सगळे चांगले आणि सगळे पेन्सिलीत.

"सोळा वर्साचं पोरगं म्हंजे वली भिंत," ते म्हणायचे. "वल्या भिंतीला कोण रंग देतं का? पंचविशीला या, शाईनं लिवून देतो."

हेडमास्तर दर जूनला चिडायचे. "आप्पा, हा सरकारी कागद आहे."

"व्हय की. पोरगं सरकारी न्हाई."

त्यांचं दप्तर इतकं चोख, की त्यांना दुखवायची सोय नव्हती. एखाद्या कॉलेजानं दाखला परत पाठवला, तर आप्पा सोबत पत्र जोडायचे, तेही शाईनं: 'पेन्सिलीची नोंद बरोबर आहे. मुलगा अजून वाढतो आहे.' कॉलेजवाले कंटाळून मुलाला घेऊन टाकायचे.

एकदा मुलीकडचे एक पाहुणे आमच्या शाळेतून गेलेल्या मुलाची चौकशी करायला आले. "आवं आप्पा, पोरगा कसा हाय?"

"वय?"

"बावीस."

"मग मला इचारू नगा. आजून वला हाय."

"आन तुमी सवता?"

"मी कडक वाळलोय. आता फकस्त तडं जायचं राहिलंय."

ती सोयरीक मोडली. मुलाच्या बापानं वर्षभर आप्पांशी अबोला धरला. आप्पांनी त्याला रोज रामराम घातला.

साठ साली मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झालो. सांगलीच्या कॉलेजात नाव घालायचं होतं. वडिलांनी बजावलं होतं, यंदा जमलं तर कॉलेज, न्हाईतर औत. कराडच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघताना शेजारचा एक जण माझा दाखला बघून म्हणाला, "पेन्सिल? परत पाठवणार, गड्या." मी घाबरलो. त्याचंच पेन मागून घेतलं आणि आप्पांची अक्षरं गिरवली. शाई निळी निघाली. तेवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं; पण हात सैल सुटला आणि 'चांगली'च्या आधी मी 'फार' घुसवलं.

आठ दिवसांत दाखला चौकशीसाठी शाळेत परत आला. मला बोलावणं आलं. हेडमास्तरांनी कागद टेबलावर ठेवला. "खाडाखोड सिद्ध झाली तर दाखला रद्द. कुणी लिहिलं हे?"

मी आप्पांकडे बोट केलं. तोंडानं बोलायचंही धाडस नव्हतं.

आप्पांनी चष्मा लावला. कागद उजेडाला धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "अक्षार माजंच हाय."

"आणि हे 'फार'?"

"फारच चांगलं पोरगं हाय."

हेडमास्तर खुर्चीत मागे रेलून हसले. "म्हणजे शाईनं लिहिता येतं तर! मग अकरा वर्षं आम्हाला का छळलंत?" दारातला शिपाईही हसला. दुसऱ्या दिवसापासून सगळे दाखले शाईनं लिहायचा हुकूम निघाला. स्वतःच मोडलेल्या नियमासाठी आप्पांना भांडता येईना. माझं कॉलेज झालं. आप्पांच्या कानावरची पेन्सिल गेली.

एकोणसत्तरला मला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. आप्पा तोवर निवृत्त होऊन लोणंदला स्टेशनजवळ एका खोलीत एकटेच राहत होते. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून मी गेलो.

दार उघडलं तर पेन्सिल कानावर.

"हुकूम शाळंत. हितं माजं राज," ते म्हणाले आणि फळीवरची वही काढली. दाखला नेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, त्याच्यापुढे पंचविशीचं साल आणि पुढे मोकळी जागा. दोनशेच्या वर नावं असतील. त्या जागा सगळ्या कोऱ्याच होत्या.

"पंचविशीला या म्हनून सगळ्यास्नी सांगितलं. तू पयला आलास रं."

चहा त्यांनी दोन कपांत ओतला. दुसऱ्या कपाला कान नव्हता. तो त्यांनी स्वतःकडे घेतला. मी शब्द जुळवत होतो. तोंडाशी आले आणि चहाबरोबर खाली गेले.

आप्पांनी माझं नाव काढलं, पेन्सिल जिभेला लावली. "काय सांगायचंय?"

"काही नाही, आप्पा. सहज आलो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली, वही मिटली.

"घाई न्हाई," ते म्हणाले. "आजून वला हायस."

आप्पांना जाऊन आता बारा वर्षं झाली. मी पन्नाशीला आलोय. ते अक्षर माझं होतं, हे एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो.