घुंगरांचा गदगा

हातात मारायची काठी घेऊन समोरच्याला "सावध व्हा, मी तुम्हाला कुठं मारणार ते आधी सांगतो" असं बजावणारा योद्धा मी आयुष्यात एकच पाहिला. तो शुक्रवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. नाव सिद्रामप्पा, वय पन्नाशीच्या पुढं. या गृहस्थाच्या काठीच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घुंगरं बांधलेली असत. मंगळवेढ्याच्या एका ज्वारीच्या गाडीवानानं तुटकी घुंगरमाळ टाकून दिली, तिच्यातली. काठी उचलली की ती खुळखुळत, फिरवली की जास्त खुळखुळत, आणि एवढं झाल्यावरही समाधान नसे म्हणून वर तोंडानं पुकारा होई, "डावा खांदा येतोय हं!" इतक्या तयारीनिशी जो तडाखा येई त्यानं खांद्यावरचा डास तरी मेला असता का, याबद्दल मी साशंक आहे.

हे सिद्रामप्पा, म्हणजे आमचे अप्पा, जकात नाक्यावर कारकून होते. शहरात येणारी गाडी अडवायची, पोतं टोचून पाहायचं, गवतात हात घालायचा आणि मगच पुढं सोडायचं, यात त्यांचा जन्म गेला होता. ही सवय ते संध्याकाळी नाक्यावर ठेवून येत नसत, बरोबर घेऊन तालमीत येत. "आधी तपास, मग तडाखा" हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते त्यांनी भिंतीवर रंगवून घेतलं नाही, एवढाच काय तो त्यांचा संयम.

आमच्या बोळाच्या तोंडाशी तालीम होती. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आत तिथं तरुण पैलवान घुमत. संध्याकाळी मागच्या अंगणात चाळिशी उलटलेली मंडळी फरी-गदगा खेळत. फरी म्हणजे कातड्याची लहान ढाल आणि गदगा म्हणजे कातडं चढवलेली काठी. एकानं मारायचं, दुसऱ्यानं फरीवर झेलायचं. ऐकायला शूर वाटतं. प्रत्यक्षात गुडघ्यांची कटकट आणि सुटलेल्या श्वासांची सूं सूं याखेरीज तिथं फारसं काही ऐकू येत नसे. तरुण मंडळी या मेळ्याला पांजरपोळ म्हणत. भाकड जनावरांना सांभाळायच्या जागेला म्हणतात, तेच.

या पांजरपोळात मी दाखल झालो तो माझ्या बायकोच्या हुकमावरून. मी शाळामास्तर. शाळेचा जिना चढून वर्गात गेलो की पहिली पाच मिनिटं मला मुलांकडं नुसतं रागानं बघत राहावं लागे, कारण बोलायला दम उरलेला नसे. तेव्हा एक दिवस धोतराचा काचा मारून मी अंगणात उभा राहिलो. अप्पांनी मला अडवलं, जसं नाक्यावर अडवावं.

"हात दाखवा. अंगठी काढा. नखं कापून या. जानवं आत खोचा. काय खाऊन आलाय?"

"पिठलं-भाकरी," मी म्हणालो.

"कवा?"

"हे काय, आत्ताच."

"मग आज बसून बगा. पिठलं खाली उतरल्याबिगर काठी वर न्यायची न्हाय."

असा माझा वीरश्रीचा पहिला दिवस पिठलं उतरण्याची वाट पाहण्यात गेला. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना तिळाचं तेल, तिसऱ्या दिवशी अंगणात उलटं चालणं. "मास्तर, हाड हाय हे," अप्पा म्हणाले, "ह्या वयात मोडलं की जुळतं, पर पैल्यासारकं न्हाय." त्यानंतर कुठं माझ्या अंगावर चिलखत चढलं. चिलखत म्हणजे कापूस भरलेली बंडी आणि तसलंच टोपरं. घरी आरशात पाहिलं तर कुंची घातलेलं, मिशा आलेलं तान्हं बाळ दिसलं. बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तालमीतल्या अशा बंड्या शिवत आमचे वस्ताद, इमामभाई. ते पिंजारी. साठीचे, ताठ कण्याचे, बोलायला गोड. एके काळी त्यांच्या फरीला गदगा सोडाच, माशी चुकवून जाऊ शकत नाही असं लोक म्हणत. आता घरचं कापूस पिंजणं मुलांनी हातात घेतलं होतं, बायको वारली होती, आणि म्हाताऱ्याला तालीम तेवढी उरली होती. मी नवखा म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "डरो नक्को मास्तर," ते म्हणाले, "सिद्राम हाय ना, ओ मारताच नै."

माझ्या बंडीची शिवण मात्र पार नागमोडी होती. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी मनगटापर्यंत. मी चारचौघांत म्हणालो, "वस्तादांचा हात बिघडला वाटतं." अप्पांनी लगेच बंडी माझ्याकडून ओढून घेतली. "ती मी शिवलीय," ते म्हणाले. जकातीचा कारकून सुई-दोरा घेऊन बसला आहे हे चित्र मला इतकं आवडलं, की मास्तरांच्या खोलीत मी ते आठवडाभर रंगवून सांगत होतो.

अप्पांचे नियम किती, हे एकट्या अप्पांनाच ठाऊक. पण त्यातला एक मला पटला होता. खेळता खेळता कुणीही "बास" म्हणालं, की दोघांनी थांबायचं. ज्यानं ऐकलं त्यानं का म्हणून विचारायचं नाही. "छातीत कळ आली आसंल, न्हाय तर घरची आटवण आली आसंल," अप्पा म्हणत, "आपल्याला काय करायचंय? बास म्हंजे बास." या नियमाचा मी मनसोक्त फायदा घेतला. दर तीन तडाख्यांनंतर मी बास म्हणत असे.

घुंगरं वाजवून, निदान तोंडानं पुकारूनच मारायचं, हा नियम मात्र मी मानला नाही. शत्रूला आपणच वर्दी द्यायची हे माझ्यातल्या इतिहासाच्या मास्तराला झेपेना. एका संध्याकाळी मी अप्पांना न पुकारता कमरेत एक ठेवून दिला. ते नुसते हसले. मग मी शेर होऊन इमामभाईंकडं वळलो आणि मुकाट्यानं गदगा उगारला. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. अप्पा मधे घुसले होते. गदगा त्यांच्या मनगटावर बसला आणि बघता बघता ते टरारून सुजलं.

"तुमी मुकाट्यानं मारता, मास्तर," मनगट धरून अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. "मुकाट्यानं मारणाऱ्याला ह्या अंगणात जागा न्हाय."

"पण खेळच मारायचा आहे ना?" मी म्हणालो.

"खेळ उद्या परत खेळता आला पायजे ह्याचा हाय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या गदग्याला घुंगरं बांधली, ओढून पाहिली, कानाशी हलवून पाहिली आणि मगच माल आत सोडला. लंगोटबंद पुरुषांच्या तालमीत आता दोन काठ्या तमाशाच्या फडासारख्या वाजू लागल्या. तरुणांची तर चंगळच झाली.

या तरुणांचा म्होरक्या नागेश. गिरणीत कामाला, अंगानं भरलेला, मनानं वाईट नव्हे, पण घाईचा. आमच्या पेठेत दसऱ्याला संध्याकाळी चौकात खेळ होत, आणि पहिली सलामी व पहिला हात वर्षानुवर्षं इमामभाईंचा असे. नागेशचं म्हणणं, वस्तादांनी आता खुर्चीवर बसावं आणि पहिला हात आम्हाला द्यावा. कुणी तरी हे वस्तादांच्या कानावर घातलं. म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "जिस दिन फरी चुकी, उस दिन खुंटी पे टांग दूंगा. फिर तालमीत पाय नै ठेवनार." बोलून गेले, आणि पेठेनं ते गाठीला बांधून ठेवलं. त्या वर्षी दसऱ्याला चौकात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. वस्तादांचा हात बघायला आलेली कमी आणि तो कधी चुकतो म्हणून टपलेली जास्त, हे मला न सांगताही कळत होतं.

इमामभाईंच्या समोर खेळायला अर्थातच अप्पा. राखीव म्हणून मी, गदग्यासकट. नागेशनं हौसेनं तीन हलगीवाले आणले होते. त्यांनी अशी हलगी कडकडवली की शेजारचा माणूस काय बोलतो ते कळेना. वस्तादांनी मातीला हात लावून सलामी दिली. गर्दी सरसावली. आणि अप्पांनी हात वर केला.

"हलगी थांबवा."

"का ओ अप्पा?" नागेश म्हणाला. "हलगीबिगर गदगा म्हंजे मिठाबिगर कालवण की."

"माज्या छातीत धडधडतंय," अप्पा म्हणाले.

चौक हसला. वरच्या माडीवरच्या बायकाही हसल्या. "सिद्राम, बजने दे उनको," इमामभाई हळूच म्हणाले. "न्हाय वस्ताद," अप्पा म्हणाले, "मला न्हाय सोसत." तेवढ्यात गर्दीतून कुणी तरी कागदात बांधलेल्या काचेच्या बांगड्या त्यांच्या पायाशी टाकल्या. आता हा मनुष्य जमिनीत गडप होईल असं मला वाटलं. अप्पांनी वाकून पुडी उचलली, सोडली, एकेक बांगडी उजेडाला धरून तपासली आणि खिशात टाकली. "घरात बसतील," ते म्हणाले. "पर हलगी थांबल्याबिगर मी काय खेळत न्हाय." मला त्यांची लाज वाटली. सणासुदीच्या दिवशी, भरल्या चौकात, माणसानं इतकं भित्रं असावं?

हलगी थांबली. चौकात शांतता पसरली आणि त्या शांततेत घुंगरं वाजली. डावीकडं खुळखुळ झाली आणि वस्तादांची फरी डावीकडं गेली. वर खुळखुळ झाली, फरी वर आली. धप्प, धप्प. अप्पांनी त्या दिवशी डास मारायचा जोर ठेवला नव्हता. तडाखे खरे होते आणि म्हातारा ते पाण्यातल्या माशासारखा वळून झेलत होता. एक चुकला नाही. शेवटी अप्पाच धापा टाकत "बास" म्हणाले, आणि नागेशनंच सगळ्यांत आधी टाळी वाजवली. पुढच्या वर्षीचा पहिला हातही कुणाचा, हे तिथंच ठरलं.

मग सोनं लुटणं सुरू झालं. अप्पा फरी ठेवायला बाजूला गेले होते. इमामभाईंनी खिशातून आपट्याची पानं काढली, हसून हात पुढं केला आणि म्हणाले, "ले सिद्राम, सोना ले."

समोर कुणीच नव्हतं.

क्षणभर तो हात तसाच राहिला. मी जवळच उभा होतो, मला वस्तादांचे डोळे दिसले. ते रिकाम्या जागेकडं बघून प्रेमानं हसत होते. अप्पांनी वळून पाहिलं. हातातली फरी टाकून ते लगबगीनं आले, नेमके त्या जागी उभे राहिले आणि पानं घेऊन वाकले. "द्या वस्ताद. हितंच हाय की मी."

नागमोडी शिवण, सुजलेलं मनगट, छातीतली धडधड, खिशातल्या बांगड्या, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. जकातीच्या कारकुनानं किती दिवस हा माल कुणाला दिसू न देता सांभाळला होता, देव जाणे. खुद्द वस्तादांना ते माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी अप्पांना बाजूला घेतलं. "अप्पा, वस्तादांना डोळ्यांनी..."

"बास, मास्तर," ते म्हणाले.

नियमाप्रमाणं मी पुढं विचारलं नाही.

नागेशची मंडळी उतरली, हलगी पुन्हा कडाडली. त्या गोंगाटात अप्पांनी आपल्या गदग्याचं एक टोक वस्तादांच्या हातात दिलं. "जरा धरा वस्ताद, दोरी सैल झालीय," असं म्हणत ते त्यांना गर्दीतून काढून आमच्या बोळात घेऊन आले. बोळात शांत होतं. तिथं अप्पांनी काठी परत घेतली, खांद्यावर टाकली आणि पावलागणिक हलवत पुढं चालू लागले. मागून इमामभाई, कुणालाही न धरता, मान ताठ, जिंकून आलेल्या वस्तादानं चालावं तसे. त्यांच्या मागं मी. पुढं गटारावरची फरशी उचकटलेली होती. मी झपाझप पुढं होऊन डाव्या अंगाला उभा राहिलो आणि माझा गदगा हलवला. वस्ताद त्या आवाजाच्या रोखानं आले आणि डावीकडून सरळ निघून गेले.

अप्पांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"जरा वर धरा, मास्तर," ते म्हणाले, "आवाज लांब जातो."