साडेएकोणीस व्होल्ट

घड्याळात सेल उलटा घातला तर घड्याळ उलटं चालतं का?

हा प्रश्न मी चौथीत गुरुजींना विचारला, तेव्हा त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. बाबांना विचारला, ते म्हणाले, "आधी पाढे पाठ कर." दादाला विचारला. तो हसला, "बस इथे, सांगतो," म्हणाला आणि कागद आणायला उठला. तो कागद घेऊन येईपर्यंत मी खेळायला पळालो होतो. (मी सहावीच्या पुढे का गेलो नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.)

दादा शाळेत विज्ञान शिकवायचा. या गोष्टीच्या एकोणीस दिवस आधी तो नेहमीसारखा शाळेत गेला आणि जिवंत परत आला नाही. तेवढंच सांगतो. जास्त सांगत बसलो तर मला पुढचं सांगता येणार नाही, आणि मला सांगायचंय ते माझ्या गाढवपणाबद्दल.

तर त्या दिवशी दुपारी शाळेचा शिपाई दारात आला. वीज जाऊन तिसरा दिवस होता. वादळात आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, घरातले सगळे मोबाईल माना टाकून पडले होते.

"सरांकडे दहावीच्या मुलांचे प्रात्यक्षिकाचे मार्क आहेत," शिपाई म्हणाला. "आज पाचच्या आत पाठवायचेत. नाही पाठवले तर बेचाळीस मुलं गैरहजर धरतील. आणि मोठ्या बाईंनी सांगितलंय की—"

"होऊन जाईल!" मी म्हणालो आणि दार लावलं.

वहिनी मागे उभ्या होत्या. "भाऊजी, कसं होणार? मार्क त्यांच्या लॅपटॉपमध्ये आहेत. त्याची बॅटरी फुगली म्हणून त्यांनी काढून टाकली होती. वीज असल्याशिवाय तो उघडत नाही."

"मग आपण वीज तयार करू."

"तुम्ही?"

(त्या 'तुम्ही'चा सूर मला लिहून दाखवता येत नाही.) मग त्या हळूच म्हणाल्या, "यांनी कधी काही अर्धं सोडलं नाही हो. एवढं व्हायला पाहिजे." मी गॅरेजमध्ये काम करतो. बॅटरीतलं मला कळतं, निदान कळतं असं मी सगळ्यांना सांगत आलोय.

चार्जरवर लिहिलं होतं, साडेएकोणीस व्होल्ट. दादाच्या स्कूटरची बॅटरी बाराची. गॅरेजच्या फळीवर मालकांच्या जुन्या मोटरसायकलची सहाची पडलेली होती. बारा आणि सहा अठरा. मी धावत गॅरेज गाठलं.

"कशाला हवीय?" मालकांनी विचारलं.

"दहावीच्या मार्कांना. अठरा होतात, दीड कमी पडतोय."

"अरे शॉर्टसर्किट, ऐक, तेवढ्याने काही—"

मी तोपर्यंत रस्त्यात होतो. दीड व्होल्ट मला आठवला होता. दीड म्हणजे एक सेल! आणि सेल आमच्या घरात एकाच ठिकाणी होता, भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळ दादाने लावलेलं. खुर्चीवर चढून मी सेल काढला. बारा आणि सहा आणि दीड, साडेएकोणीस. आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित बरोबर आलं. त्या आनंदात मी चार्जरची वायर पक्कडीने मधोमध कापली.

"अहो!" वहिनी ओरडल्या.

"पिन हवी होती. बाकीच्या डब्याचा काय उपयोग?"

दोन बॅटऱ्या जोडल्या, प्लस-मायनस तीनदा तपासलं. प्रश्न सेलचा होता. सेलला वायर चिकटून राहीना. मग बाबांना स्टुलावर बसवलं आणि सेल त्यांच्या चिमटीत दिला.

"सोडायचं नाही."

"किती वेळ?"

"मार्क होईपर्यंत."

लॅपटॉप उघडला! पडद्यावर दादाची यादी आली. तीस मुलांचे मार्क भरलेले, पुढचे बारा त्याच्या वहीत. एकतिसाव्या मुलीपुढे शेऱ्याच्या रकान्यात नुसतं 'प्र' लिहिलेलं. वहिनी बघत राहिल्या.

"प्रगती की प्रयत्न?" त्यांनी विचारलं.

मला काय माहीत? माझ्या प्रगतिपुस्तकात दोन्ही नव्हते. "प्रयत्न," मी म्हणालो.

वहिनींनी 'प्रयत्न चांगला' लिहिलं, नाक पुसलं आणि पुढे भराभर टाईप करायला लागल्या. नऊ मुलं झाली.

"अरे, हा सेल तापतोय," बाबा म्हणाले.

"धरा, बाबा."

"चटका बसतोय!"

"बाबा, मुलांच्या भविष्याचा प्रश्न आहे!"

"माझ्या बोटांचा पण आहे!" आणि बाबांनी सेल सोडला. पडदा काळा. नवांपैकी एकही मूल शिल्लक राहिलं नाही.

बाबा बोट तोंडात घालून म्हणाले, "सेलशिवाय लावून बघ ना."

मी हसलो. सेलशिवाय अठराच होतात हे त्यांना समजावलं. मग त्यांची समजूत काढायची म्हणून लावून दाखवलं. लॅपटॉप उघडला आणि झकास चालला. (मालक बहुतेक तेच सांगत होते.)

वहिनी पुन्हा पहिल्यापासून बसल्या. मी भिंतीकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. भरपूर वेळ होता. मी चहा केला. वहिनींनी सगळं दोनदा तपासलं. मी पुन्हा पाहिलं, दोन दहा. किती निवांत दिवस, असं मला वाटलं.

शेवटी पेनड्राईव्ह हातात देता देता वहिनी खिडकीकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, ऊन समोरच्या गच्चीवर गेलंय. दोनला ते आपल्या उंबऱ्यात असतं."

आम्ही तिघांनी घड्याळाकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे.

मी स्कूटरकडे धावलो. बटण दाबलं, किक मारल्या, अकरा. बाराव्या किकला बाबा दारातून म्हणाले, "बॅटरी इथे आहे."

मी पळत निघालो. शाळेच्या ऑफिसात शिरलो तेव्हा तिथल्या घड्याळात पाचला चार मिनिटं होती आणि डोक्यावर पंखा गरगरत होता. मोठ्या बाईंनी पेनड्राईव्ह लावला, यादी खालपर्यंत पाहिली. एकतिसाव्या ओळीवर थांबल्या. "सरांचंच काम. नीटनेटकं," म्हणाल्या आणि यादी पाठवून दिली. मग मला पाणी दिलं.

"पण एवढं धावत का आलात? जनरेटर चालू आहे, लॅपटॉप आणि चार्जर घेऊन या, असा निरोप दिला होता ना मी शिपायाबरोबर?"

मी पाणी पीत राहिलो. चार्जरचे दोन तुकडे झाल्याचं सांगितलं नाही.

घरी येऊन स्कूटरची बॅटरी बसवली. सहाची उद्या मालकांना द्यायला बाजूला ठेवली. उरला सेल. खुर्चीवर चढलो. घरात कोणी बघत नव्हतं, म्हणून सेल उलटा घातला आणि वाट पाहिली. एकोणीस दिवस मागे जायला किती वेळ लागेल याचा मनात हिशेब चालू होता. काटा हलला नाही.

"भाऊजी," वहिनी आतून म्हणाल्या, "सेल उलटा तर नाही ना घातलात?"

"छे!" म्हटलं आणि घाईघाईने सुलटा केला. टिकटिक सुरू झाली.

दादासाठी केलेलं माझं ते शेवटचं काम. काटे लावायचे मात्र राहिले. ते सकाळी बाबांच्या लक्षात आलं. पावणेचार तास मागे असलेलं ते घड्याळ रात्रभर अगदी बिनचूक चाललं होतं.