अख्ख्या टोलीची शुगर

"बोट दे माय."

"कायले?"

"दे म्हटलं ना!"

गोदावरीबाईंच्या डोक्यावरची मोहफुलांची टोपली अजून अंगणात उतरलीही नव्हती, आणि त्यांचा मुलगा कैलाश हातात सुई घेऊन समोर उभा. मार्चचा शेवट होता. मोह पहाटे गळतो. वेचायला उशीर झाला की तो आधी शेळ्या खातात, मग गाई, आणि उरलासुरला शेजारी उचलतात. म्हणून घरातली झाडून सगळी माणसं उजाडायच्या आत शेताच्या धुऱ्यावरच्या झाडांखाली वाकलेली असत. झाडून सगळी म्हणजे सगळ्या बाया. कैलाश घरी राहून देखरेख करी. कशाची, ते त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आदल्या दिवशी तो साकोलीला गेला होता. तिथे एका हॉलमध्ये 'निरोगी कुटुंब' नावाचं शिबिर होतं. कोट घातलेल्या माणसाने पंख्याखाली उभं राहून विचारलं, "तुमच्या घरच्यांच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची?" मागून एकजण म्हणाला, "सरकारची!" हॉल हसला. कोटवाल्याने मात्र बोट रोखलं ते नेमकं कैलाशवर. "तुमची! रोग झाल्यावर धावू नका. व्हायच्या आधी शोधा."

बाकीचे चहा-बिस्किटं खाऊन ते विसरले. कैलाश विसरला नाही. चार वर्षांपूर्वी त्याचा बाप, दादाजी, गेला होता. पायात काटा रुतला, जखम भरेना. गावच्या इंजेक्शनवाल्याने तीन आठवडे पिवळं मलम फासलं. शेवटी नागपूरला पाय कापायच्या दिवशी डॉक्टरने विचारलं, "शुगर कधीपासून आहे?" तेव्हा घरातली सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. आपल्याकडे रोगाची ओळख अशीच होते. आधी माणूस जातो, रोगाचं नाव मागून कळतं. बैल लंगडला तर त्याच संध्याकाळी खूर उचलून पाहतील, पण बापाच्या पायाकडे पाहायला यांना तीन आठवडे लागतात. कैलाशलाही लागले होते, आणि त्याची लाज त्याच्या मनातून गेली नव्हती. आईचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं ठरवून तो साकोलीच्या मेडिकलमधून शुगर तपासायची मशीन घेऊन आला होता.

"दुसरी खेप आनाची हाये," गोदावरीबाई म्हणाल्या. "बकऱ्या सुटल्या असन. आल्यावर टोच."

"उपाशी पोटीच पायजे माय. दोन मिनिटाचं काम हाये."

त्याने डॉक्टरसारखा स्पिरिटचा बोळा बोटावर फिरवला, सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. मशीन मनातल्या मनात मोजल्यासारखी पाच सेकंद थांबली. मग तिच्यावर आकडा उमटायच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं उमटली. कैलाशने पुस्तिका उघडली. त्या अक्षरांसमोर लिहिलं होतं : साखर सहाशेच्या वर. मशीनच्या आवाक्याबाहेर. ताबडतोब डॉक्टरला भेटा.

"किती आली?"

"काई नाई. तू बस."

"बसू कायले? बकऱ्या..."

"बस म्हनतो ना माय!"

त्याचा आवाज असा फाटला की गोदावरीबाई खरंच बसल्या. मागून कैलाशची बायको रुपा आली. तिने टोपली ठेवायच्या आत त्याने तिचं बोट पकडलं. चारशे अडतीस. मागोमाग कॉलेजात जाणारी पोरगी, टीना. तीनशे एक्याण्णव. कैलाश ओट्यावर बसला तो बसलाच.

"अवो, मशीनच बिघडली असन," रुपा म्हणाली. "मले का झालं? मी आत्ता सहा टोपल्या वाहून आली."

"बाबाबी काटा रुताच्या आदल्या दिवसापर्यंत नांगर धरत होते."

रुपाने टोपली खाली ठेवली. मग तीच म्हणाली, "दुसऱ्या कोनाची तरी पाहा. म्हंजे मशीन खरी का खोटी ते समजन."

ही सूचना शहाणपणाची होती आणि इथूनच घोळ सुरू झाला. शेजारचे सोमाजी त्यांच्या झाडाखालून टोपली घेऊन चालले होते. सत्तरी ओलांडलेला, काडीसारखा म्हातारा. गोड म्हणून त्यांनी आयुष्यात लग्नाची बुंदी तेवढी खाल्ली होती.

"काका, बोट द्या."

"घे बाप्पा. रक्त उरलं असन तर घे."

चारशे बासष्ट. सोमाजींची बायको पुष्पाबाई नवऱ्याला का थांबवलं ते पाहायला आली आणि तीनशे सत्तर घेऊन खाली बसली. आता मशीन खोटी म्हणायला कोणाची जीभ रेटेना. एवढी माणसं एकसारखा रोग दाखवतात म्हणजे रोग खराच. बातमी टोलीभर, त्या सगळ्या वस्तीत, फिरली. जो तो मोह वेचून परतताना कैलाशच्या अंगणात टोपली टेकवी आणि बोट पुढे करी. आठ वाजेपर्यंत अकरा माणसं तपासून झाली आणि अकराही शुगरची निघाली.

"बोअरचं पानी," एकजण म्हणाला.

"पानी नाई, खत. धानातून अंगात गेलं."

"नजर लागली टोलीले," पुष्पाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात जागेश्वर डोळे चोळत आला. जागेश्वर मोह वेचायला कधी जात नसे. मोहाचं पुढे जे काही होतं, तेवढ्यापुरताच त्याचा मोहाशी संबंध. संध्याकाळी त्याला घरी उचलून आणावं लागे आणि सकाळी उठवावं लागे. लोकांनी गंमत म्हणून त्याचं बोट पुढे केलं.

चौऱ्याण्णव.

कैलाशने दुसरं बोट टोचलं. पंच्याण्णव.

"बोंबला!" सोमाजी म्हणाले. "आमी जल्मभर राब राब राबलो, आमाले शुगर. आनं हा पिऊन पडते तर ह्याले काईच नाई!"

"मी तं सांगतच होतो," जागेश्वर म्हणाला. "तुमीच आयकत नोव्हते."

अकरा रोग्यांमध्ये तो एकटा निरोगी. लोक त्याच्याकडे नव्या आदराने पाहू लागले. दोन म्हाताऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सकाळी किती घ्याची? जेवनाच्या आंधी का मागून?" शाळेतले मास्तर वीस वर्षं दारूच्या विरोधात भाषणं देत होते, त्यांचं सगळं काम एका थेंबाने धुऊन टाकलं.

कैलाशचं तिकडे लक्ष नव्हतं. रुपाने सवयीने चुलीवर भाताचं आधण ठेवलं होतं, ते त्याने स्वतः ओतून दिलं. भंडारा जिल्ह्यात, धानाच्या घरात, सकाळी भात शिजला नाही. कोणी चहाही प्यायलं नाही. तो आत गेला तेव्हा गोदावरीबाई पेटीसमोर बसल्या होत्या. हातातल्या पाटल्या काढून त्यांनी फडक्यात बांधल्या होत्या.

"हे टीनाच्या लग्नात घालाच्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "आनं मले नागपूरले नेऊ नको. घरीच बरी."

"माय, काई होत नाई तुले."

"तुह्या बाबालेबी तू असाच म्हनलता."

कैलाश बाहेर आला आणि त्याने धनंजयला फोन लावला. धनंजयची मालवाहू गाडी होती, एरवी तीत धानाची पोती जात. अर्ध्या तासात तीत अकरा शुगरवाले बसले, आणि 'तुलना करायले लागन' म्हणून जागेश्वरही.

आरोग्य केंद्रात चंद्रकांता सिस्टर रजिस्टर भरत होत्या. पंधरा वर्षं याच भागात काढलेली बाई. एकदम तेरा माणसं दारात पाहून त्या उठल्या. "काय झालं? जेवणातून विषबाधा?"

"शुगर," कैलाश म्हणाला. "सगळ्यायले. माहीच माय सहाशेच्या वर हाये. आंधी तिले पाहा. बाकी मरू द्या."

"वा गा!" मागून सोमाजी म्हणाले.

सिस्टरने गोदावरीबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सहाशेच्या वर? आणि या गाडीतून उडी मारून उतरल्या? आजी, तहान लागते का फार? रात्री उठावं लागते?"

"नाई बाप्पा. झोपली का मुर्दा."

"तिकडे नळ आहे. साबणानं हात धुऊन या. सगळेच धुऊन या."

"सिस्टर, हात धुन्यात टाइम..."

"धुऊन या!"

हात धुतले गेले. सिस्टरने गोदावरीबाईंचं बोट टोचलं. एकशे एक.

"तुमची मशीन बिघडली," कैलाश म्हणाला.

"दे तुझी." त्याच्या मशीनवर एकशे तीन. रुपा ब्याण्णव. टीना अठ्ठ्याऐंशी. सोमाजी सत्त्याण्णव. कैलाशला आधी आनंद झाला नाही, रागच आला. सकाळपासून आपल्या काळजाचं पाणी करणारा तो आकडा गेला कुठे?

"सकाळी काय करत होते तुम्ही लोक?" सिस्टरने विचारलं.

"का करन? मोह येचत होतो."

सिस्टर थांबल्या. गोदावरीबाईंच्या पदराला एक मोहफूल चिकटलेलं होतं, ते त्यांनी ओढून काढलं आणि स्वतःच्या बोटावर चोळलं. स्पिरिटचा बोळा फिरवला. मग काही न बोलता त्याच बोटाला सुई टोचली आणि मशीन सगळ्यांपुढे धरली.

चारशे सत्तावीस.

"घ्या. मलेबी लागली शुगर," सिस्टर म्हणाल्या. "ही फुलाची साखर आहे, रक्ताची नाही. बोटावर बसलेली. स्पिरिटनं जात नाही ती, साबण-पाणीच पाहिजे. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं असते. वाचलं होतं?"

कैलाशने शेवटचं पान वाचलं होतं, ताबडतोब डॉक्टरला भेटा वगैरे. पहिलं पान वाचणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

"म्हंजे हा बेवडा..." सोमाजींनी जागेश्वरकडे बोट केलं.

"त्यानं मोह वेचला नाही म्हणून बोट साफ. दारूनं शुगर जात नाही, माणूस जाते," सिस्टर जागेश्वरकडे पाहत म्हणाल्या. दोन म्हातारे जमिनीकडे पाहू लागले.

मग एकदम सगळ्यांना हसू फुटलं. पुष्पाबाई हसताना रडत होत्या की रडताना हसत होत्या, ते त्यांनाही ठरवता येईना. कैलाश बाहेर गेला, भिंतीआड उभा राहून त्याने नाक शिंकरलं, तोंडावर पाणी मारलं आणि परत आला. आई होती. धडधाकट होती. एकशे एक!

"तुमचं किती?" सिस्टरने विचारलं.

"माहं? माहं काहून? मी तं तपासनारा होतो."

"म्हणजे अख्खी टोली टोचली आणि स्वतःचं बोट सोडलं?"

कैलाशने पोट आत ओढलं. खरं असं होतं की त्याला सुईची भीती वाटत असे. पण शेहेचाळीस वर्षांचा माणूस हे बायको, पोरगी आणि सोमाजींसमोर सांगत नाही. "मी मोहबी नाई येचत," तो म्हणाला. "मी घरीच असतो."

"ते तं समद्यायले मालूम हाये," रुपा म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला. दुसऱ्या बाजूने टीनाने धरला. गोदावरीबाईंनी त्याला तीन वेळा साबणाने हात धुवायला लावले. चौथ्यांदा सिस्टर नको म्हणाल्या.

एकशे ब्याऐंशी. त्याच्या स्वतःच्या मशीनवर एकशे एकोणऐंशी.

या वेळी कोणी हसलं नाही. सिस्टरच बोलल्या, "घाबरू नका. नसेतलं रक्त पाठवू, पक्कं होईल. पण आज सापडलं हे नशीब समजा. डोळे, किडनी, पाय सगळं जागेवर आहे. जेवणाला आवर घाला, लागली तर गोळी घ्या, आणि रोज चाला. घरी बसून होणार नाही."

कैलाशला घाम फुटायला हवा होता. उलट छातीवरचा दगड कोणीतरी बाजूला सरकवल्यासारखं वाटलं. घरात एक शुगर होती, आणि ती आईला नव्हती. शिवाय सापडली होती, पाय कापायच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. कोटवाल्याने सांगितलेलं काम त्याने शेवटी पुरं केलं होतं. फक्त रोगी चुकला होता.

परतताना गाडी गावाअलीकडच्या तलावापाशी आली. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, दोन्ही बाजूंनी झाडं होती आणि गाव तिथून एक किलोमीटर.

"धनंजय, थांब," गोदावरीबाई म्हणाल्या. "कैलाश, उतर."

"काहून?"

"बाई का म्हनली? चाला म्हनली का नाई?"

"रोज म्हनली माय. उद्यापासून..."

"आज रोजात येत नाई का? सावली हाये. उतर."

कैलाश उतरला. गाडी हळू निघाली. तो जवळ पोहोचला की धनंजय थोडा वेग वाढवी, तो मागे पडला की गाडी थांबून राही. मागच्या फळक्याला टेकून बारा माणसं त्याच्याकडे तोंड करून बसली होती आणि प्रत्येकाकडे सल्ला होता.

"पोट आत घे!" सोमाजी.

"बसायले जागा हाये भाऊ, पन देत नाई," जागेश्वर.

"हात हालव!" गोदावरीबाई ओरडत होत्या. "बाजार पाहाले आल्यासारखा नको चालू! उचल पाय! उचल!"

कैलाशचा सदरा पाठीला चिकटला, चप्पल घासू लागली, धाप लागली. आणि त्या धापेतच त्याला हसू येत होतं. आईचा आवाज पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत जात होता, आणि तलावातले बगळे उडून चालले होते.