परत न आलेली पुडी

आमच्या गल्लीत उखाआप्पांकडे मिक्सर दुरुस्तीला दिला, की मिक्सरबरोबर कागदाची एक पुडीही घरी येते. यंत्राच्या पोटातून जे काही निघालं, ते तिच्यात धुऊन-पुसून बांधलेलं असतं. लवंग असो, झुरळ असो, की कुण्या सुनेचं हरवलेलं जोडवं. आप्पा दोन्ही हातांनी पुडी पुढे करतात आणि म्हणतात, "हाई तुमनी वस्तू, संभाळा." शेजारच्या काकूंच्या कूलरमधून एकदा पाल निघाली. पुडी उघडल्यावर काकूंनी फोडलेली किंकाळी शहाद्याच्या बसस्टँडपर्यंत गेली असेल. आप्पा शांतपणे म्हणाले, "तुमना घरनी शे. मी कसाले ठेवू?"

साखर कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलेला हा माणूस. आता ओट्यावर पान्हे-पकडी मांडून एकटाच बसतो. यंत्र आलं की आधी त्याला कान लावायचा, मग मालकाकडे वळून विचारायचं, "शेवटला हात कोना लागना?" तुम्ही काहीही उत्तर द्या, पुढचं वाक्य ठरलेलं. "मशीन खोटं बोलत नही. माणूस बोलस." या वाक्याची नक्कल करून मी शाळेच्या शिक्षकखोलीत पुष्कळ हशा मिळवला आहे. आज ते आठवलं तरी कानशिलं तापतात.

माझी बायको कॉलेजच्या मुलांसाठी खाणावळ चालवते. तिचा सगळा कारभार पेलेटच्या एका जुन्या शेगडीवर चालतो. धंदा बंद पडलेल्या एका फरसाणवाल्याकडून तिने ती घेतली. पत्र्याचा पिंप, आत भोकाभोकांचं भांडं, तळाशी एका कडेला मोडलेली जाळी आणि खालून वारा घालणारा छोटा पंखा. वरून भुशाच्या बोटभर कांड्या टाकायच्या. वारा नीट मिळाला तर धुराचं नाव नाही. बायकोचा नियम एकच होता. शेगडीत पेलेटशिवाय काहीही जाता कामा नये.

आता मी पडलो खानदेशी माणूस. हिवाळ्यात बाजारात हिरवी, भरदार वांगी आली की मला दुसरं काही सुचत नाही. आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणं म्हणजे वांग्याचा अपमान. ते पऱ्हाटीच्याच, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायला हवं. शहरात पऱ्हाटी आणायची कुठून? एका रविवारी बायको बाजाराला गेली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पेलेट तरी कशाचे असतात? पऱ्हाटीच्याच भुशाचे! जाळ बसल्यावर चार वांगी मी सरळ निखाऱ्यात खोचली. भरीत असं झालं, की बोटं चाटून पोट भरेना. बायकोने घरात शिरताच नाक वर केलं तेव्हा मी म्हणालो, "शेजारी भाजत असतील."

सोमवारी शेगडीने असा धूर ओकला की मुलं ताटं घेऊन रस्त्यावर पळाली. आप्पा आले. त्यांनी शेगडीला कान लावला आणि नाकही जवळ नेलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "गुरुजी, शेवटला हात कोना लागना?"

"हिचाच. दुसरा कुणी हात लावत नाही," मी म्हणालो. मुलांना खरं बोलावं म्हणून निबंध लिहायला लावणारा मी.

आप्पांनी या वेळी ठरलेलं वाक्य म्हटलं नाही. शेगडी ते घरी घेऊन गेले आणि संध्याकाळी लखलखीत करून परत आणली. पुडी नव्हती. बायकोने विचारलं तर म्हणाले, "काहीच निंघनं नही."

मला वाटलं, सुटलो. इतका सुटलो, की पुढच्या रविवारी पुन्हा वांगी भाजली.

त्या सोमवारी शेगडी पेटलीच नाही. चाळीस मुलं उपाशी कॉलेजला गेली. बायको आप्पांवर भर गल्लीत तडकली. "आप्पा, आते तुमना हात ऱ्हायना नही! जमत नही तं सांगी द्या ना!" आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "चूक मन्ही व्हयनी, माय." मी दारात पाण्याचा तांब्या धरून उभा होतो. तोंड उघडायला फार तर अर्धा श्वास लागला असता. तोही मी घेतला नाही.

आप्पांनी शेगडी पुन्हा साफ करून दिली, पण गल्लीला तेवढं पुरलं. लोक मिक्सर घेऊन बसस्टँडजवळच्या दुकानात जाऊ लागले. आप्पा ओट्यावर पान्हे मांडून बसायचे आणि दुपारी तेच पान्हे पुसून पुन्हा मांडायचे. शाळेला जाताना मी दुसऱ्या गल्लीने जायला लागलो. आठ दिवसांनी अन्न गोड लागेना, तेव्हा बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वाकून शेगडीत पाहिलं. मग म्हणाली, "गल्लीला मी सांगते. आप्पांसमोर तुम्ही उभे राहा."

मी गेलो. एका दमात सगळं बोलून टाकलं आणि माफी मागितली. आप्पा आत गेले आणि एक पुडी घेऊन आले. आत वांग्याचे दोन करपलेले देठ होते. जाळीच्या मोडक्या कडेने खाली पडून वाऱ्याच्या वाटेत अडकलेले.

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बाईमाणूससमोर गुरुजीना हातमा देठ कसा देवू?" ते हसले. "तुमले पोऱ्हेसमोर उभं ऱ्हावनं पडस. मन्हं काय?"

मला मान वर करवेना. शरमेने हात पुढे केला. आपली वस्तू होती, निदान ती तरी घ्यावी. पण आप्पांनी पुडी मिटली.

"मन्ही घरवाली पऱ्हाटीवरच भाजे," ते म्हणाले. "ती गयी तैपासून ह्या घरमा वांगं भाजायनं नही. पुडी उघडी का तोच वास येस. आते तो बी कमी व्हत जास."

त्यांनी ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबला.

"हाई मातर मी परत देवाव नही, गुरुजी."