अडतीस घरांची हरकत

सभेला जायचं मी कबूल केलं ते एवढ्याचसाठी, की तिथं बोलायचं नव्हतं.

नगरपालिकेनं घरोघर एक कागद वाटला होता. कचरा वेगळा करायचं केंद्र बांधायचंय, तीन जागा बघितल्यात. रहिवाशांनी सभेला यावं आणि जी जागा नको असेल तिच्यावर नकाशात लाल स्टिकर चिकटवावा. कागदासोबत घराला एक स्टिकर. तीनपैकी एक जागा आमच्या खिडकीसमोर होती. त्या खिडकीशी माझे सासरे बसतात. तीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढल्यामुळे त्यांच्या छातीत आता फारसा श्वास मावत नाही. जो मावतो तो या खिडकीतून येतो.

सभा मंगळवारी सकाळी अकराला. त्या वेळी सगळी गल्ली कामावर असते. मला मात्र मंगळवारी सुट्टी.

"तुम्ही जा," बायको म्हणाली. "तोंड उघडायचं नाही, नुसतं चिकटवायचं. तेवढं तर येतं ना?"

येतं. सातवीनंतर मी शाळा सोडली आणि तेव्हापासून औषधाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवतो. (या एका विषयात मला पदवीधर समजायला हरकत नाही.) सोमवारी संध्याकाळपर्यंत अडतीस घरांचे अडतीस स्टिकर माझ्याकडे जमले. शेजारच्या काकू शिवणकाम करतात. त्यांनी आधी माझा खिसा तपासला, दोन टाके घातले आणि मगच आपला स्टिकर आत टाकला.

सभागृहात एक फलक होता. अधिकारी बाईंनी तो वाचून दाखवला. रहिवाशांना आधी माहिती मिळेल. प्रत्येकाचं म्हणणं मोजलं जाईल. निर्णयाचं कारण सांगितलं जाईल. मला हे इतकं पटलं की मी टाळ्या वाजवल्या. मग एकटाच वाजवतोय हे लक्षात आलं आणि उरलेली सभा मी चपलांकडे बघत काढली.

नकाशापाशी ही झुंबड. लोक हात लांब करून कसेही चिकटवत होते, वाकडे, अर्धे रस्त्यावर. मी सगळ्यांत शेवटी गेलो. आमची जागा नखाएवढी, आणि तिला लागून दवाखाना. अडतीस स्टिकर पसरले असते तर दवाखाना झाकला असता. उद्या कोणाला तो नकाशात सापडला नाही तर? आमच्या मुकादमाचा नियम आहे, लेबलावर लेबल लावायचं तर खालचं तसूभरही दिसता कामा नये. मी एकावर एक लावत गेलो. कडेला कड. शेवटी जरा बटणासारखं उंच झालं, पण समोरून बघणाऱ्याला एकच स्टिकर वाटावा इतकं सुबक.

"लावले?" सासऱ्यांनी विचारलं.

"असे लावलेत बाबा, की कोणाचा बाप काढू शकणार नाही."

तीन आठवड्यांनी निकाल आला, कारणासकट. पहिल्या जागेला हरकती एकवीस, दुसरीला सतरा, तिसरीला एक. तिसरी आमची.

गल्ली आमच्या दारात जमली.

"माझा लावला होतास ना?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांचे लावले."

"कसे?"

मी बोटांवर बोटं ठेवून दाखवलं. कोणी हसलं नाही. काकू पायरीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी बायको मला घेऊन कचेरीत गेली. कारकुनानं नकाशा काढला आणि बटणाच्या कडेला नख घातलं. एक निघाला, खाली दुसरा, त्याखाली तिसरा. तो शांतपणे अडतीसपर्यंत मोजत गेला.

"मग आता?" बायको म्हणाली.

"मोजणी फोटोवरून झाली. फोटोत एकच आहे. हरकतीची मुदत संपली."

"फलकावर लिहिलंय, प्रत्येकाचं मोजलं जाईल."

"लिहिलंय ना. पण बाई, आम्ही काय नकाशा सोलून बघायचा?" मग तो माझ्याकडे वळला. "काम मात्र सुरेख आहे हं."

मी आभार मानले. (त्यावर बायकोनं दंडाला काढलेला चिमटा आठवडाभर निळा होता.)

केंद्र वर्षभरात उभं राहिलं. पहाटेपासून गाड्या येतात, वाऱ्यावर धूळ येते, वास तर मुक्कामालाच असतो. सासऱ्यांना आता दिवसातून तीनदा वाफ द्यावी लागते. मध्यंतरी गाड्यांच्या वेळा ठरवायला पुन्हा सभा झाली. या वेळी गल्लीनं रजा टाकली आणि घरटी एक असे अडतीस जण आपापल्या पायांनी गेले. आमच्या घरातून बायको गेली. जाताना बायकोनं बाहेरून कडी घातली.

घरात मी आणि सासरे. समोर एक गाडी रिकामी होत होती. त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरायची वाट बघून ते म्हणाले, "जावईबापू, खिडकी लावा."

मी लावली.

"नीट लागली का?"

"लागली, बाबा."

ते भिंतीला धरून, दोनदा थांबून, धापा टाकत उठले आणि स्वतः हात लावून बघून आले.